टेबल टेनिसची फळी जपा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या लाकडाला लाखेच्या पॉलिशचे पातळ हात देतात. मुलांच्या टेबल टेनिसच्या बॅटीलाही असे कवच हवे. नियमानुसार तिच्या फळीची किमान ८५ टक्के जाडी नैसर्गिक लाकडाचीच असते. आमच्या घरी जुने रबर ओढून काढताना लाकडाचे सालपटच त्याबरोबर निघाले. महिनाअखेरीस नव्या फळीला पैसे कुठले? तेव्हापासून आम्ही नवे रबर चिकटविण्यापूर्वी कोऱ्या फळीवर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवितो, कापडाने वार्निशचा एकच पातळ हात देतो आणि रात्रभर वाळू देतो. हात जाड बसला तर फळी कडक होते, चेंडूचा अंदाज चुकतो. मूठ मात्र कोरीच ठेवावी. ती घाम टिपते. पुढे रबर काढताना मुठीकडून, लाकडाच्या रेषेने, सावकाश सोलावे.