मोह आवरेना!

ऑस्ट्रेलियात जाऊन फळं तोडायची होती, पण लॉटरीत नंबरच लागला नाही. मग सॅक पाठीवर टाकली आणि गाठलं नवेगाव बांध. तिथं पहाटे साडेचारला सुरू होते एक वेगळीच शिफ्ट...

"काय करून राहिली बाई? फुलं येचून राहिली का हार गुंफून राहिली?"

पहिल्याच दिवशीचा माझा परफॉर्मन्स रिव्ह्यू हा असा! वेळ सकाळी साडेसहाची. मी उकिडवी बसलेली, पाठीची कमान झालेली, टोपलीत जेमतेम दोन-तीन ओंजळी मोहफुलं. शेजारी काकींची टोपली मात्र शिगोशीग भरलेली. आणि तीही दुसरी!

आता मी या झाडाखाली पोचले कशी, ते सांगते. ऑस्ट्रेलियानं २०२४ मध्ये भारतीयांसाठी 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा खुला केला, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. वय १८ ते ३०, वर्षाला फक्त हजार जागा आणि निवड लॉटरीनं. पंचवीस डॉलर भरायचे आणि देव पाण्यात घालून बसायचं. नंबर लागला तर वर्षभर तिथं भटका, भटकण्याचे पैसे तिथंच काम करून मिळवा. दुसऱ्या वर्षाचाही व्हिसा हवा असेल तर सरकारनं ठरवून दिलेल्या भागात, ठरवून दिलेलं काम तीन महिने करा. म्हणून तर जगभरातले बॅकपॅकर तिथल्या मळ्यांमध्ये द्राक्षं नि सफरचंदं तोडताना दिसतात. हॅट, टॅन झालेले खांदे, मागे सूर्यास्त... फोटो बघून आमच्या ऑफिसातल्या चौघांनी फॉर्म भरले. चौघांनाही ठेंगा!

लंच टेबलवर शोकसभा भरली असताना आमच्या टीममधली गोंदियाची मैत्रीण म्हणाली, "तोडायचंच आहे ना काहीतरी? मार्चमध्ये माझ्या काकीकडे जा. फळं नाही, फुलं वेचायला लावते तुला." ती गंमत करत होती. मी नाही! सुट्ट्या साठलेल्या होत्या. मार्च २०२५ च्या शेवटी पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसले आणि दुसऱ्या दिवशी गोंदियाला उतरले तेव्हा जीन्स अंगाला चिकटायला लागली होती. तिथून पुढे बल्लारशाच्या गाडीनं देवलगाव, आणि मग नवेगाव.

नवेगाव बांध हे नाव आपल्याकडे अनेकांना मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांमुळे माहीत असतं. वनाधिकारी म्हणून ते इथं राहिले आणि इथल्या पक्ष्यांवर, झाडांवर, माणसांवर आयुष्यभर लिहीत राहिले. (मी गेले त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली आणि जूनमध्ये ते गेले.) गावाच्या नावातला 'बांध' म्हणजे इथला तलाव. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. सात टेकड्यांच्या मधे अडवलेलं अकरा चौरस किलोमीटर पाणी! त्या टेकड्यांना म्हणायचं सातबहिणी. १९७५ मध्ये इथलं जंगल राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्प. पर्यटक येतात ते या दोन गोष्टींसाठी. मी तलाव पाहिला तो तिसऱ्या दिवशी, पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवी शोधत गावात फिरताना.

अलार्म : ४.१५

मोहाचं गणित साधं आहे. झाड फुलं रात्री गाळतं. मध्यरात्रीनंतर टप् टप् सुरू होतं ते सकाळी ऊन वर येईपर्यंत. आपण उशिरा गेलो तर गुरं, हरणं, माकडं आधीच नाश्ता करून गेलेली असतात. म्हणून पहाटे अंधारात निघायचं. फूल म्हणजे पाकळ्यापाकळ्यांचं काही नाही. फिकट पिवळा, रसरशीत मणी, मधे भोक. झाडाखाली पोचलात की आधी वास येतो, गोड आणि थोडा आंबूस. नंतर टॉर्चच्या उजेडात दिसतं की जमीन पांढरी झालीये.

आमची झाडं काकींच्या शेताच्या धुऱ्यावर होती. धानाच्या बांध्या रिकाम्या पडलेल्या, त्यांच्या कडेला पाच मोठी मोहाची झाडं. राष्ट्रीय उद्यानात असलं काही वेचायला बंदी. इथले लोक वेचतात ते शेतात, गावशिवारात आणि गावाच्या हक्काच्या जंगलात. आणि 'जंगलातलं झाड म्हणजे कुणाचंही' असं बिलकुल नाही हं. कुठलं झाड कुणाच्या घरचं, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. मी उत्साहात शेजारच्या झाडाखाली शिरले तर काकींच्या सातवीतल्या पुतणीनं मला हाताला धरून परत आणलं. तिला आपण धाकटी म्हणू. धाकटी साडेसहापर्यंत वेचायची, घरी जाऊन आंघोळ करायची आणि सकाळच्या शाळेत जायची. स्पीड माझ्या तिप्पट.

"ताई, एका हातानं नको. दोन्ही चालव. आणि फुलाकडे नको पाहू, पुढच्या फुलाकडे पाह्य."

मी दहा वर्षं टाइप करतेय, पण हे ट्रेनिंग मला कुणी दिलं नव्हतं. चौथ्या दिवसापासून जमायला लागलं. बोटं चिकट, त्यावर मुंग्या, मांड्या बधिर. पण टोपली भरायला लागली.

झाडाखालची जमीन स्वच्छ असेल तर फुलं पटापट दिसतात. त्यासाठी खालचा पाचोळा जाळायची जुनी रीत आहे आणि उन्हाळ्यातले कितीतरी वणवे त्यातूनच पेटतात. वनखातं दरवर्षी 'जाळू नका, झाडून घ्या' म्हणून सांगतं. काकी झाडतात. अर्धा तास आधी. "जाळी का नाही लावत खाली? काही ठिकाणी लावतात," मी माझी स्मार्ट आयडिया मांडली. काकींनी विचारलं, "पाच झाडाले किती लागन? आन् महिनाभर तिथं राखत कोण बसन?" मी गप्प. गुगलवर जाळीची किंमत होती, राखणदाराची नव्हती.

आणखी एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. अस्वलाला मोह प्रचंड आवडतो. म्हणून बायका एकट्या जात नाहीत आणि मोठ्यानं बोलत जातात. मला आधी वाटलं, काय गप्पिष्ट बायका आहेत! तिसऱ्या दिवशी कळलं की या गप्पा म्हणजे हॉर्न आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये चंद्रपूरकडच्या तीन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या, तेही तिथंच कळलं. वाकून, खाली मान घालून बसलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसतच नाही, असं काकी म्हणाल्या, आणि त्या दिवशी माझं निम्मं लक्ष मागेच होतं. मी पुण्याला परतले आणि महिनाभरात, मे २०२५ मध्ये, बातमी आली : चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मोह संपला की तेंदूपत्ता सुरू होतो. काकीही जातात. मी फोन केला तर म्हणाल्या, "हाव, ऐकलं. आम्ही दहा-बारा जणी संगं जातो."

हिशेब

वेचलेली फुलं अंगणात पसरायची. तीन-चार दिवसांत ती मनुकांसारखी तपकिरी होतात. आणि इथंच सगळी गोम आहे. चार किलो ओली फुलं वाळून जेमतेम एक किलो भरतात! भाव मिळतो तो वाळलेल्या किलोला.

मी नऊ सकाळी वेचलं. पहिल्या दिवशी दीड किलो, शेवटी शेवटी पाचपर्यंत गेले (टाळ्या!). फुलं वाळेपर्यंत आणखी तीन दिवस राहिले. धाकटीनं माझा ढीग हट्टानं वेगळा ठेवला होता. शेवटी तराजूत भरली आठ किलो. व्यापाऱ्याचा त्या दिवशीचा भाव ३५ रुपये. म्हणजे २८० रुपये. नऊ दिवस, रोज चार तास. कॅल्क्युलेटर काढलाच मी, सवय! तासाला आठ रुपयेसुद्धा नाहीत. काकी माझ्या तिप्पट-चौपट वेचतात, तरी दिवसाला दीडशेच्या आसपास. त्यात झाडणं, वाळवणं, राखणं धरलेलं नाही.

ऑस्ट्रेलियात तासाला २४ डॉलरहून जास्त किमान वेतन आहे. पण तिथंही हे फळं तोडणाऱ्यांना आपोआप मिळालं नव्हतं. किती किलो तोडली त्यावर पैसे, असा 'पीस रेट' होता आणि कितीतरी बॅकपॅकर्सच्या हातात दिवसभर राबून किरकोळ रक्कम पडायची. एप्रिल २०२२ पासून नियम बदलला : किलोवर पैसे द्या, पण तासाच्या किमान वेतनाखाली जाऊ नका. मोहाच्या बाबतीत आधार आहे तो किलोला. २०२० मध्ये केंद्रानं वाळलेल्या मोहफुलाचा आधारभूत भाव १७ वरून ३० रुपये केला. तास इथं कुणी मोजतच नाही. कोण मोजणार? झाड स्वतःचं, शेत स्वतःचं, मालक कुणीच नाही.

बरं, हेच फूल पावसाळ्यात महाग होतं. मग एप्रिलमध्ये का विकायचं? अनेक वर्षं याचं एक कारण कायद्यातच होतं. मोहापासून दारू होते, म्हणून दारूबंदीच्या नियमांत मोहफुलांच्या वाहतुकीवर आणि साठ्यावर बंधनं होती. घरात ठेवावं तर भीती, म्हणून येईल त्या भावाला विकून मोकळं व्हायचं. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ही बंधनं उठवली. मी हे सगळं रात्री मोबाइलवर वाचलं आणि सकाळी काकींना प्रेझेंटेशनच दिलं. "काकी, आता तुम्ही ठेवू शकता! ऑगस्टपर्यंत थांबा, जास्त मिळतील!"

काकी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "मले मालूम आहे बाई. ठेवाले जागा आहे, पोतेबी आहेत. पण धाकटीच्या बापाले खतासाठी पैसे मेमध्ये लागते, ऑगस्टमध्ये नाही."

शेजारचं घर कुलूपबंद होतं. ते जोडपं मिरची तोडायला तेलंगणात गेलं होतं. तिथं निदान एकरकमी हातात पडतात, असं काकींचं म्हणणं. त्यांच्या झाडाची फुलं यंदा काकींच्या जाऊबाई वेचत होत्या, अर्ध्या वाट्यानं.

मग मी माझी शेवटची आयडिया काढली. आता लिहितानाही थोडी लाज वाटते. "काकी, सगळं पोतं मीच घेते ना. पन्नासनं. व्यापाऱ्याला देऊच नका."

काकींनी हात थांबवला. रागावल्या नाहीत. "यंदा देशील. पुढच्या साली कोण देईन? तो दरसाल येते. एक साल नाही म्हटलं का पुढच्या साली आमच्या दाराहून सरका जाते."

दुपारी तो आला. छोटा हत्ती, मागे काटा. माझे आठ किलो वेगळे मोजले, काकींचे वेगळे. मला वाटलं होतं आपले त्यांच्यातच मिसळावेत. पण काकींनी दोनशेऐंशी रुपये माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "तुहे आहेत. कष्ट केले तू." धाकटी बाजूला उभी राहून हसत होती. त्यातले शंभर तिला देऊ केले तर तिनं काकींकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही. शेवटी गोंदिया स्टेशनवरून तिच्यासाठी कुरिअरनं पाठवायची म्हणून एक हेडटॉर्च घेऊन ठेवली. तीही आमच्या मैत्रिणीकडून 'ताईनं पाठवली' म्हणून, मगच घरात गेली.

जायचंय?

मोहाचा हंगाम साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. नागपूरहून रस्त्यानं साधारण १४० किलोमीटर, साकोली-कोहमारामार्गे. रेल्वेनं गोंदिया आणि पुढे देवलगाव. 'फार्म स्टे' वगैरे पॅकेज शोधत असाल तर माझा मार्ग उपयोगाचा नाही. ओळखीचं घर असेल तरच जा, आणि राहण्याजेवणाचे पैसे आधीच बोलून ठेवा, नाहीतर घेत नाहीत. फुलहाताचा शर्ट, जुने बूट, टॉर्च. परफ्यूम अजिबात नको. पहाटे ज्यांच्यासोबत जाल त्यांच्या मागेच राहा आणि फोटोसाठी झाडाआड जाऊ नका. हेडफोन तर घरीच ठेवा, कारण गप्पा मारणं हाही तुमच्या कामाचाच भाग आहे.