विहिरीतलं इंजिन यारीने वर काढताना



विहिरीच्या काठावर बसवलेला पंप जेमतेम वीस फुटांवरून पाणी ओढतो. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की इंजिन आणि पंप विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर न्यायचा आणि मिरगाच्या आधी वर घ्यायचा, हे काम अनेकांच्या पाचवीला पुजलेलं आहे. पूर्वी त्याला दहाबारा गडी, मोटेचा नाडा आणि दोन पहारी लागत. आता विहीर खोदणाऱ्याची यारी भाड्याने आणली की काम तासाभरात उरकतं.

पण एक फरक ध्यानात घ्या. गडी दोर ओढत असले की वजन त्यांच्या हाताला कळतं. काही अडकलं तर ते आपसूक थांबतात. यारीला काही कळत नाही. ओढता ओढता काहीतरी तुटेल तेव्हाच ती थांबते. म्हणून वजनाचा हिशेब आपण आधी करायचा.

मिनिटाला ६५० फेऱ्यांचं जुन्या धाटणीचं ५-६ हॉर्सपॉवरचं इंजिन फ्लायव्हीलसकट साडेतीन क्विंटलच्या आसपास भरतं. खालची लोखंडी चौकट आणि पंप धरला तर चारच्या पुढे. तेव्हा डिझेल आणि पाणी काढून टाका, पंप सोडवा, जमलं तर फ्लायव्हीलही उतरवा. पायाचे सगळे नट काढले का, ते हाताने चाचपून बघा. एक नट राहिला तर यारी इंजिन नाही, ओटाच उपटायला निघते! बूड गाळात रुतलं असेल तर आधी पहारीने हलवून मोकळं करा. रुतलेल्या यंत्राला वजनापेक्षा कितीतरी जास्त ओढ लागते.

आता दोर कसा बांधायचा ते नीट वाचा, कारण बहुतेक चूक इथे होते. चार क्विंटलचं यंत्र दोन फासांवर टांगलं आणि फास सरळ उभे असले, तर प्रत्येकावर दोन क्विंटल येतात. फास आखूड घेऊन फाकवले की ताण वाढतो. दोन्ही फास आणि खालचं अंतर सारखं, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या असतील, तर प्रत्येकावर सुमारे २३० किलो. आणखी फाकवून कोन १२० अंशांचा झाला, तर एकेका फासावर पुरे चार क्विंटल! यंत्र तेच, यारी तीच, दोर मात्र दुप्पट ताणला गेला. तेव्हा फासाची लांबी दोन बांधणींमधल्या अंतराएवढी तरी ठेवाच, जास्त असली तर उत्तम.

इंजिनाच्या किंवा मोटरीच्या डोक्यावरचा कडीचा बोल्ट फक्त त्या एका यंत्राच्या वजनापुरता असतो. चौकट आणि पंप जोडलेला असताना त्याच कडीत हूक अडकवू नका. त्या वेळी फास चौकटीखालून घ्या आणि लोखंडाची धार दोराला लागते तिथे गोणपाटाची घडी घाला.

वायररोपवरून हात फिरवू नका, तुटलेली तार तळहात फाडते. चिंधी फिरवा, ती अडकेल तिथे तारा तुटल्यात असं समजा. असा दोर, किंवा पीळ उकललेला, गंजलेला दोर, यारीवाला कितीही ‘चालतंय हो’ म्हणाला तरी नको. टोकाला निदान तीन क्लिपा हव्यात आणि क्लिपेचं बूड वजनाच्या बाजूच्या दोरावर यायला हवं. पुष्कळ ठिकाणी मी त्या उलट्या बसवलेल्या पाहिल्या आहेत. दोर पूर्ण खाली सोडल्यावरही ढोलावर तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत.

यारी काठापासून आत, पक्क्या जागेवर मांडा. काळ्या मातीचा ओला काठ वजनाने ढासळतो. मागे तोलाचे दगड भरपूर घाला. आणि वर बघा! यारीचा हात फिरतो, त्याच्या आवाक्यात विजेच्या तारा असतील तर महावितरणच्या माणसाकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय कामाला हात लावू नका.

आता उचला, पण एक वीतभरच. तिथे थांबा. यंत्र एका अंगाला कलतं का, ब्रेक धरतो का, ते पाच मिनिटं पाहा. २०१९ च्या उन्हाळ्यात एका गावात मी काठावर उभा होतो. ब्रेकच्या पट्ट्यावर तेल उडालेलं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. इंजिन अर्ध्यावर आलं आणि सरसरत खाली गेलं. खाली दोघे जण होते. दोन घटका आधी ते चहाला म्हणून वर आले, एवढंच. इंजिनाचे तुकडे झाले. त्या दिवशी वीतभर उचलून पाहिलं असतं, तर ब्रेक तिथेच घसरलेला दिसला असता.

तेव्हा यंत्र अधांतरी असताना विहिरीत कुणी नको. यंत्र हेलकावू नये म्हणून त्याला एक लांब साधा दोर बांधा आणि तो काठावरून धरा. दोर कमरेला किंवा मनगटाला गुंडाळू नका. यंत्रावर बसून वर यायची हौस तर मुळीच नको. इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून उपरण्याने खूण करणारा एकच माणूस नेमा. ‘थांब’ची खूण मात्र कुणीही केली तरी यारीवाल्याने थांबायचं.

वर आल्यावर हात वळवून इंजिन पक्क्या जमिनीवर आणा. खाली दोन ओंडके आधीच मांडून ठेवा, म्हणजे बोटं सापडायची नाहीत आणि फासही सुखाने निघेल. दोर सैल पडून यंत्र स्थिर बसल्याशिवाय हूक सोडवू नका.