ओझे कोठे टेकते?

व्यापाऱ्यास मालाचे वजन ठाऊक असते; ते कोठे टेकले आहे, याचा विचार तो क्वचितच करतो. बैलगाडी भरणाऱ्या जुन्या हमालास तो करावाच लागे. माल मागे झुकला की गाडी उलाळ होई, पुढे झुकला की बैलांच्या मानेवर येई. अमेरिकेत स्थायिक झालेले आपले आप्त सुट्टीत मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून निघतात, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो.

हिशेब करून पाहू. अशा ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के जोडावर यावे लागते. कमी आल्यास तो शेपटीसारखा डोलू लागतो. ट्रेलर २५०० किलोंचा, जोडावर ३०० किलो. मोटारीच्या दोन आसांत ३ मीटर अंतर, आणि जोड मागील आसाच्या १.५ मीटर मागे, असे धरू. तरफेच्या नियमाने मागील आसावर ३०० नव्हे, ४५० किलो वाढतात. कारण पुढील आसावरचे १५० किलो उचलले जातात. मग सुकाणू हलके पडते, पुढचे ब्रेक रस्ता नीट धरीत नाहीत, आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

यावर उपाय म्हणजे भार वाटून देणारा जोड. त्याच्या दोन लवचीक पोलादी दांड्या ट्रेलरच्या धुऱ्याखालून मागे जातात. त्यांची टोके साखळीने वर ताणली, की मागील आसावरचा काही भार पुढील चाकांवर परततो, काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. एकूण ओझे मात्र तितकेच राहते. केवळ एका खात्यातून दुसऱ्यात वर्ग होते. म्हणून हा जोड बसविल्याने अधिक माल ओढता येतो, हे म्हणणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

जुळवणी सपाट जमिनीवर, नेहमीच्या सामानासह करावी. पुढच्या चाकावरील कमानीची उंची आधी मोजावी. समजा ९० सेंटिमीटर भरली. ट्रेलर जोडल्यावर ती ९४ झाली, तर दांड्या ताणून निदान ९२ वर आणावी. कित्येक मोटारींच्या पुस्तिका निम्माच चढ उतरविण्यास सांगतात, काही असा जोड वर्ज्यच मानतात; पुस्तिकेचा शब्द अखेरचा. अति ताणल्यास मागील चाके हलकी होऊन ओल्या रस्त्यावर घसरतात. साखळी अडकविताना ट्रेलरच्या जॅकने जोड मोटारीसकट उचलावा, म्हणजे ताण कमी होतो. ताणलेली दांडी निसटली तर हाड मोडते. आणि ट्रेलरमधील पाण्याची टाकी भरली किंवा रिती झाली, की मोजपट्टी पुन्हा बाहेर काढावी लागते.