फुटबॉल-तंत्राच्या प्राथमिक मार्गदर्शिकेची निवड

लहान मुलांना फुटबॉल शिकविण्यास नव्याने प्रवृत्त झालेला शिक्षक मार्गदर्शिका निवडताना सामान्यतः आकृत्यांची सुबकता, प्रकरणांची मांडणी आणि मुखपृष्ठावरील नामांकित खेळाडू यांकडे पाहतो. यांपैकी शेवटची गोष्ट तर सर्वस्वी गौण होय. त्या ग्रंथाने तंत्र व कौशल्य यांत भेद केला आहे किंवा नाही, हे प्रथम पाहावयास हवे.

पायाच्या आतील बाजूने चेंडू अचूक मारता येणे हे तंत्र. प्रतिस्पर्धी अंगावर येत असता तो केव्हा व कोणाकडे मारावा हे ओळखून तसा मारणे हे कौशल्य. इंग्लंडमधील लफबरो येथील बंकर व थॉर्प यांनी १९८२ साली नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले. शाळांतून सुट्या हालचाली घोटवून घेतल्या जातात, खेळाचे आकलन मात्र मागे राहते, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणून आधी खेळ व त्याच्या गरजेतून तंत्र, असा क्रम त्यांनी सुचविला. शी व मॉर्गन यांचा १९७९ चा प्रयोगही येथे विचारात घेण्याजोगा आहे. हाताच्या तीन हालचाली एका गटाने एकेक करून सलग घोटल्या, दुसऱ्याने सरमिसळ करून. सरावाच्या वेळी पहिला गट सरस दिसला. दहा दिवसांनंतरच्या परीक्षेत मात्र दुसरा सरस ठरला. हा प्रयोग प्रयोगशाळेतला. तो मैदानावर जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे होईल. तथापि रांगेत उभे राहून केलेल्या सरावातील सफाई फसवी असू शकते, ही शंका घेण्यास त्याने आधार मिळतो.

याचा अर्थ पुनरावृत्ती त्याज्य आहे असा नव्हे. १९७४ साली फेयेनूर्ड संघाला यूएफा चषक मिळवून देणारे डच प्रशिक्षक वील कूर्व्हर यांचा भर वैयक्तिक चेंडू-प्रभुत्वावरच होता. प्रत्येक मुलाच्या पायाशी स्वतंत्र चेंडू हवा, हे त्या पद्धतीचे मर्म नवशिक्यांच्या बाबतीत सर्वथा ग्राह्य आहे. प्रश्न एवढाच, की प्रतिस्पर्धी कितव्या पानावर येतो? पास देण्याच्या प्रकरणातील आकृत्या चाळाव्या. त्यांत समोरासमोर उभी असलेली दोनच मुले अखेरपर्यंत दिसत असतील, तर ते पुस्तक खाली ठेवावे.

दुसरी कसोटी प्रकाशनवर्षाची. आणि येथे प्रश्न मुलांच्या मेंदूचा आहे. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांस डोक्याने चेंडू मारण्यास मनाई केली व अकरा ते तेरा या वयात त्याचा सराव मर्यादित केला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्लासगो येथील अभ्यासात स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंत मेंदूच्या ऱ्हासजन्य विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीन पट आढळले. हा अभ्यास बालकांचा नव्हे, आणि डोक्याने चेंडू मारणे हेच कारण, असेही त्याने सिद्ध केलेले नाही. तरीही २०२० साली इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथील संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हे तंत्र वगळले. जुन्या मार्गदर्शिकांत आठ वर्षांच्या मुलासाठीही त्याचे स्वतंत्र प्रकरण आढळते. बाकीचा ग्रंथ चांगला असल्यास तो अवश्य वापरावा. ते प्रकरण मात्र शिकवू नये.