दारं मोजल्याशिवाय नकाशा होत नाही

प्रदेश जिंकत जाण्याच्या ऑनलाइन खेळांसाठी हौशी खेळाडू स्वतःचे नकाशे बनवतात, आणि पहिल्याच दिवशी रंगरंगोटीला लागतात. या खेळांचं मूळ म्हणजे ‘रिस्क’. फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक आल्बेर लामोरिसने रचलेला हा खेळ 1957मध्ये बाजारात आला. त्याचा पट नीट पाहिला तरी निम्मे गैरसमज तिथेच फिटतात.

एक समज असा, की नकाशा भूगोलाबरहुकूम हवा. रिस्कमध्ये युक्रेन थेट उरलला भिडलाय, कोणाचं काही अडलं नाही. अडतं ते जोडरेषांवर. पूर्व आफ्रिका आणि मध्यपूर्व यांच्यातली रेषा तेवढी पुसा, आफ्रिकेची तीन दारं, म्हणजे शत्रू शिरू शकेल असे सीमेवरचे प्रदेश, दोनवर येतात.

‘खंड मोठा तर बोनस मोठा’ हा समज जास्त महागात पडतो. अख्खा खंड ताब्यात असला की दर पाळीला जादा तुकड्या मिळतात, तो हा बोनस: आशियाच्या 12 प्रदेशांना 7 तुकड्या, ऑस्ट्रेलियाच्या 4 प्रदेशांना 2. प्रदेशामागे हिशेब केला तर आशिया किंचित उजवाच. पण आशियात पाच सीमेवरचे प्रदेश राखावे लागतात, ऑस्ट्रेलियात एकटा इंडोनेशिया. दारामागे आशियाला दीड तुकडीही पडत नाही, ऑस्ट्रेलियाला पुऱ्या दोन. आशिया हातात टिकत नाही तो यामुळे.

सगळ्यांना सारखे प्रदेश वाटले की सुरुवात न्याय्य, असंही मानतात. आपल्या महाराष्ट्राचाच नकाशा करून पाहा. जिल्हे 36, तिघांत प्रत्येकी 12. पाळी आली की दर तीन प्रदेशांमागे एक तुकडी मिळते, म्हणजे चार. पहिल्याने समोरच्याचा एक जिल्हा घेतला, की त्याचे उरले 11 आणि तुकड्या तीन. बिचाऱ्याची पाळी यायच्या आधीच फटका! तीन जिल्हे सुरुवातीला तटस्थ ठेवा. मग प्रत्येकी 11, आणि तीन तुकड्या तर नियमाने किमान मिळतातच.

चित्राबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मुंबई शहर जिल्ह्यात तुकड्यांची तीन आकडी संख्या मोबाइलवर वाचता येत नसेल तर तो बेधडक फुगवावा. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे खेळाडूही असतात, त्यामुळे विभाग नुसत्या रंगाने वेगळे करू नयेत.

खरा वेळ घाटांवर घालवावा. सह्याद्री बंद करून कसारा, बोर आणि आंबा एवढेच घाट खुले ठेवले, तर सात जिल्ह्यांच्या कोकणाला ठाणे, रायगड आणि रत्नागिरी अशी तीन दारं. त्याला मी चार तुकड्यांचा बोनस देईन. कुंभार्ली उघडला तरी कोकणाचं दार वाढत नाही, कारण रत्नागिरीत पहारा आधीच आहे. साताऱ्याला मात्र नवी डोकेदुखी. फोंडा उघडला की सिंधुदुर्गातही फौज ठेवावी लागेल, मग बोनस पाच.