खाऊचे भाषांतर

सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाच्या १९५० सालच्या नार्नियाकथेत एडमंड नावाचा मुलगा 'टर्किश डिलाइट' या तुर्की मिठाईच्या मोहाने आपल्या भावंडांचा घात करावयास निघतो. तेइजी सेता यांनी १९६६ साली ही कथा जपानीत आणली. तेथील मुलांना ही मिठाई अपरिचित होती. सेतांनी तिच्या जागी 'पुरिन', म्हणजे दूधअंड्यांचे गोड पुडिंग घातले. नाव राखावे, तर मोह फिका पडतो. मोह राखावा, तर परदेशाची चव जाते. मला सेतांची निवड योग्य वाटते. खाऊ ओळखीचा असला, की एडमंडचा मोह वाचणाऱ्या मुलाला आपलाच वाटतो, आणि त्याचा अपराधही.