उरलेल्या संत्री-मोसंबीपासून झटपट मार्मालेड : साल शिजली तरच जमते

संत्र्यांचा हंगाम सरत आला की घराघरांत एक ओळखीचे दृश्य दिसते. टोपलीच्या तळाशी तीन-चार संत्री सुरकुतलेली, एखादी मोसंबी कोरडी पडू लागलेली आणि फ्रिजच्या दारात दोन लिंबे. रस काढावा तर पेलाभरही निघत नाही आणि टाकून द्यावे तर जीव होत नाही. अशा फळांचा मार्मालेड हा उत्तम उपयोग आहे. मात्र तो करताना अनेकांची साखर आणि गॅस दोन्ही वाया जातात. मार्मालेड पातळ राहते, नाहीतर त्यातील साल चामड्यासारखी चिवट होते. या दोन्ही दोषांची कारणे निश्चित असून ती समजून घेतल्यास हा पदार्थ दीड तासात होऊ शकतो.

मार्मालेड हा शब्द पोर्तुगीज 'मार्मेलो' या फळाच्या नावावरून आला आहे. हे सफरचंदाच्या कुळातील, मुरवून खाण्याचे फळ. गोव्यात पेरूच्या गरापासून होणारी 'पेराद' ही मिठाईही पोर्तुगीज परंपरेतीलच आहे. पुढे इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये मार्मालेड हे नाव सालीसह शिजवलेल्या संत्र्यांच्या मुरंब्याला चिकटले. तेथे त्यासाठी स्पेनमधील सेव्हिल येथील कडू संत्री वापरतात. त्या संत्र्यांत आंबटपणा व पेक्टिन भरपूर असते, त्यामुळे मार्मालेड सहज घट्ट होते. आपल्याकडील फळांचे तसे नाही, आणि परदेशी कृती जशीच्या तशी उतरवून घेतल्यास फसगत होते ती येथेच.

२०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले नागपुरी संत्रे गोड, सुटसुटीत सालीचे आणि रसाळ आहे. ते सोलायला सोपे, म्हणूनच लोकप्रिय. परंतु त्याची साल पातळ असते व सालीच्या आतला पांढरा थर थोडा असतो. मार्मालेड घट्ट करणारे पेक्टिन मुख्यतः याच पांढऱ्या थरात, फोडींवरील पापुद्र्यांत आणि बियांत असते. म्हणजे आपण जे टाकून देतो, त्यातच. शिवाय फळ जसे जास्त पिकते तसे त्यातील पेक्टिनचे बळ कमी होते. उरलेले फळ आणि झटपट कृती, अशी ही दुहेरी अडचण आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे जोडीला एखादी मोसंबी, दोन लिंबांचा रस आणि एकही बी न टाकणे. पंजाब, राजस्थान व दिल्लीकडील वाचकांना किन्नो सहज मिळतो. त्यात बिया भरपूर असल्याने या कामी तो उपयुक्त आहे. किन्नोचा रस ठेवल्यावर कडवट होतो ही त्याची एरवीची तक्रार, पण मार्मालेडमध्ये थोडा कडवटपणा हवाच असतो.

फळे निवडताना एक पथ्य पाळावे. साल सुरकुतली असली तरी चालेल, पण हिरवी-निळी बुरशी दिसल्यास ते फळ पूर्णपणे टाकून द्यावे. बुरशीचा भाग कापून उरलेला वापरणे योग्य नव्हे. बाजारातील फळांवर अनेकदा मेणाचा लेप असतो. येथे सालच खायची असल्याने फळे कोमट पाण्यात मऊ ब्रशने चोळून धुवावीत.

तीन संत्री, एक मोसंबी आणि दोन लिंबे मिळून साधारण ६०० ग्रॅम फळ होते. त्याला ६०० ग्रॅम साखर आणि ४०० मिलिलिटर पाणी लागते. संत्री व मोसंबी सोलून साली अगदी बारीक, सुतासारख्या चिराव्यात. फोडींचा गर काढून घ्यावा. पापुद्रे आणि सर्व बिया, लिंबांच्या बियांसह, मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करावी. कागदी लिंबाची साल फार कडू असते, ती घेऊ नये. मिक्सरचा मोह टाळावा. त्यात बिया भरडल्या जाऊन सगळेच कडू होते.

परंपरेने साली रात्रभर भिजवून नंतर दीड-दोन तास मंद आचेवर शिजवतात. हा वेळ प्रेशर कुकर वाचवतो. साली, गर, लिंबाचा रस, पाणी व पुरचुंडी स्टीलच्या डब्यात घालून, कुकरमध्ये नेहमीप्रमाणे पाणी ठेवून डबा आत ठेवावा. पहिल्या शिटीनंतर आच मंद करून २० ते २५ मिनिटे शिजू द्यावे. ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये फळे थेट घालू नयेत, कारण आंबट रसाची त्या धातूशी प्रक्रिया होते. वाफ आपोआप जिरल्यावर सालीचा एक तुकडा बोटांत दाबून पाहावा. तो लोण्यासारखा चिरडला गेला पाहिजे. तसा नसेल तर पुन्हा शिजवावे.

या तपासणीवर सारे अवलंबून आहे. एकदा साखर घातली की साल आणखी मऊ होत नाही. साखर सालीतील पाणी ओढून घेते आणि ती आहे त्या अवस्थेत घट्ट धरून ठेवते. घाई करायची असेल तर ती कुकरच्या साहाय्याने साखरेच्या आधी करावी. साखरेनंतर तासभर उकळत ठेवून साल मऊ होत नाही. उलट आम्ल व उष्णता यांमुळे पेक्टिन तुटते, रंग काळपट होतो आणि घट्टपणाही जातो.

पुरचुंडी गार झाल्यावर पिळून तिच्यातील चिकट द्रव डब्यातील मिश्रणात मिसळावा. हाच तो पेक्टिनचा अर्क. मग सर्व मिश्रण स्टीलच्या पसरट पातेल्यात घेऊन साखर घालावी, मंद आचेवर ती पूर्ण विरघळू द्यावी आणि त्यानंतर मोठ्या आचेवर २० ते २५ मिनिटे उकळावे. उतू जाऊ नये म्हणून पातेले अर्ध्याहून अधिक भरलेले नसावे.

येथे मराठी स्वयंपाकघरातील सवय थोडी आड येते. साखरांबा करणारा हात पाकाची तार पाहू लागतो. मार्मालेडमध्ये तार पाहायची नसते, कारण ते पाकाने नव्हे तर आम्ल, साखर व पेक्टिन यांच्या जाळ्याने घट्ट होते. फ्रीजरमध्ये गार केलेल्या बशीत एक थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकलावा. पृष्ठभागावर सुरकुती पडली की झाले. तपासणी चालू असताना गॅस बंद ठेवावा. तापमापक असल्यास समुद्रसपाटीला १०४ ते १०५ अंश सेल्सिअस हा आकडा धरतात. उंचीवर मात्र पाणी कमी तापमानाला उकळते. दर ३०० मीटरमागे सुमारे एक अंश इतका हा फरक असतो. बंगळुरू किंवा सिमल्याच्या वाचकांनी आपल्या गावी पाणी ज्या तापमानाला उकळते, त्याहून चार-पाच अंश अधिक असा हिशेब करावा.

गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे थांबून मग ढवळावे, म्हणजे साली वर तरंगत न राहता सर्वत्र पसरतात. उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून कोरड्या केलेल्या काचेच्या बरण्यांत मार्मालेड गरम असतानाच भरावे. साधारण पाऊण ते एक किलो होते. घरी केलेल्या मार्मालेडमध्ये परिरक्षक नसतात, त्यामुळे उघडलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवावी व कोरडाच चमचा वापरावा. गोडी नको म्हणून साखर निम्म्यावर आणल्यास ते नीट घट्ट होत नाही आणि फार दिवस टिकतही नाही. तेवढे थोडेच करून आठवड्याभरात संपवणे बरे.

संत्र्यांऐवजी पपनस किंवा ग्रेपफ्रूट वापरणाऱ्यांनी एक सावधगिरी घ्यावी. ही फळे रक्तदाबाच्या व कोलेस्टेरॉलच्या काही औषधांचा रक्तातील अंश वाढवतात. अशी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारूनच ही बरणी उघडावी.